मुलाच्या हाडाचा टीबी : तुकडा दोन बाटल्यांत गेला का, हे विचारा

बेसा_आई · १८ फेब्रुवारी, रात्री ११.१०

माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. गेल्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन गल्लीत फिरताना तो उजवा पाय वाचवून टाकत होता. सकाळी बाबांसोबत मारबतीची मिरवणूक बघायला नागपूरच्या महाल भागात दोन तास उभा होता, दमला असेल असं मला वाटलं.

आठवड्याभराने म्हणाला, गुडघा दुखतो. गुडघ्याचा एक्स-रे काढला, काही निघालं नाही. वाढीचं दुखणं आहे म्हणून कॅल्शियम दिलं. दिवाळीपर्यंत लंगडणं वाढलं. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, घरात सिकल (सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का? आहे. मी स्वतः कॅरियर आहे. मुलाची तपासणी केली, एएस पॅटर्न आला, म्हणजे तोही कॅरियर. झालं, सगळ्यांना कारण सापडलं. सिकलचं दुखणं म्हणून फोलिक ॲसिड आणि दुखण्याचं औषध सुरू झालं, आणि आम्ही पुढचे सात आठवडे शांत बसलो. हे सात आठवडे मला आजही झोपू देत नाहीत.

त्या काळात तो रात्री दीड-दोनला किंचाळून उठायचा. मी धावत जाईपर्यंत पुन्हा झोपलेला असायचा. सकाळी विचारलं तर त्याला काही आठवायचं नाही. सासूबाईंनी मीठमोहरीने दृष्ट काढली. मीही काढू दिली.

डिसेंबरात शाळेतल्या पीटीच्या सरांचा फोन आला. हाफपॅन्टमध्ये त्याची उजवी मांडी डावीपेक्षा बारीक दिसते, तुम्ही पाहिलं का? मी पाहिलं नव्हतं. थंडीमुळे घरी फुलपॅन्टच असायची.

तिसऱ्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर उताणं निजवलं आणि गुडघ्याकडे बघितलंच नाही. चांगल्या पायाची मांडी पोटाशी दुमडली, तर दुखरी मांडी आपोआप टेबलावरून वर उचलली गेली. म्हणाले, दुखणं तो गुडघ्यात सांगतो, बिघाड खुब्यात आहे. खुब्याच्या एक्स-रेत हाड फिकट दिसत होतं. एमआरआयमध्ये सांध्यात पाणी आणि आजूबाजूला पू. ईएसआर (अंगात सूज आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) ६८, म्हणजे वाढलेला.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते. एका रुग्णालयात (नाव लिहीत नाही) त्याला भूल देऊन खुब्यातून तुकडा काढला. बाहेर मला एक बाटली दिली आणि लॅबला पोहोचवायला सांगितली. मी रिक्षाने ती छातीशी धरून नेली. रिपोर्ट आला : टीबीसारखी सूज दिसते, पण जंतूची तपासणी करता येत नाही, कारण सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या रसायनात, आहे. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. म्हणजे कोणतं औषध त्या जंतूवर चालेल, हे त्या तुकड्यातून कधीच कळणार नव्हतं. दहा दिवसांनी दुसरीकडे माझ्या मुलाला पुन्हा भूल दिली. या वेळी एक बाटली फॉर्मेलिनची आणि एक साध्या सलाईनची. सलाईनमधल्या नमुन्यातून सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) केलं : टीबीचा जंतू सापडला, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो.

थिएटरच्या दारात एक वाक्य विचारलं असतं, तर दुसऱ्यांदा भूल द्यावी लागली नसती. मला ते वाक्य माहीत नव्हतं. म्हणून इथे लिहिते. ज्यांच्या घरात असं दुखणं आलंय त्यांनी आपापलं सांगा. माझ्याकडे प्रश्नही खूप आहेत.

---

आठवा_मैल · १८ फेब्रुवारी, रात्री ११.४८

ताई, वाचून पोटात कालवलं. एक विचारतो, राग मानू नका. हा टीबी पसरतो का? आमच्या गल्लीत एका मुलीला मणक्याचा आहे. माझी मुलं तिच्याकडे खेळायला जातात आणि बायको नको म्हणते.

---

डॉ_अस्थी · १९ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

मी हाडांचा डॉक्टर. माझे रुग्ण विदर्भातले आणि बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याकडचे. इथे कुणाला औषध सांगणार नाही, पण बेसाच्या ताईंनी जे लिहिलंय त्यातलं बरंचसं उलगडून सांगण्यासारखं आहे.

आठवा मैल, आधी तुमचं. फक्त हाडात टीबी असलेल्या मुलापासून तो पसरत नाही. जंतू हवेत जातात ते फुप्फुसातून, खोकल्यावाटे. त्या मुलीच्या छातीचा एक्स-रे झाला असणारच, कारण तो करावाच लागतो. छाती स्वच्छ असेल तर तुमची मुलं तिच्या ताटात जेवली तरी काही होणार नाही. खेळायला पाठवा. त्या मुलीला त्याची गरज आहे.

आता गुडघा. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना नेणाऱ्या नसा काही प्रमाणात एकच आहेत. त्यामुळे आग खुब्यात लागते आणि मूल बोट गुडघ्यावर ठेवतं. मूल गुडघा दाखवतंय आणि गुडघ्यात काही सापडत नाही, तेव्हा खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.

रात्रीची किंकाळी. दिवसा आजूबाजूचे स्नायू दुखरा सांधा आवळून धरतात. गाढ झोपेत ते सैल पडतात, सांधा हलतो, सोललेले पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, मूल ओरडतं. ओरडताक्षणी स्नायू पुन्हा आवळतात आणि ते झोपी जातं. म्हणून तुम्ही पोहोचेपर्यंत तो शांत असायचा. जुन्या डॉक्टरांना हे लक्षण तोंडपाठ असे. आता एमआरआय आहे, पण 'रात्री ओरडतो का' हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

आणि सिकल. यावर मला थोडं कळकळीने लिहायचं आहे, कारण आपल्या भागात ही चूक वारंवार होते. एएस म्हणजे वाहक. वाहकाला सिकलचे हाडं दुखण्याचे झटके सहसा येत नाहीत. एएस रिपोर्ट हे मूल महिनोन्महिने लंगडण्याचं कारण असूच शकत नाही, दुसरं कारण शोधलंच पाहिजे. एसएस, म्हणजे सिकलचा आजारच असलेल्या मुलांत खरं कोडं असतं. त्यांच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, खुब्याचा गोळा मरू शकतो, साल्मोनेलासारख्या जंतूंचा पू होऊ शकतो, आणि टीबीही होऊ शकतो. एमआरआयवर हे सगळं सुजलेलंच दिसतं. तिथेही निकाल तुकडाच देतो.

तुकड्याचं इतकं महत्त्व का? फुप्फुसाच्या टीबीत थुंकीत जंतूंची गर्दी असते. हाडात फार थोडे असतात. स्लाइडवर ते बहुतेक वेळा दिसतच नाहीत. म्हणून एकाच नमुन्याचे भाग करून तिन्ही तपासण्या कराव्या लागतात. सलाईनमधला भाग सीबीनॅट आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला), फॉर्मेलिनमधला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. सीबीनॅट काही तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का ते सांगतं. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागतात, पण बाकीच्या औषधांचं खरं उत्तर तिथे मिळतं. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाही, असं मात्र नाही. नमुन्याच्या त्या भागात जंतू नसतील तर ते निगेटिव्ह येतं.

आणखी एक. तुकडा काढण्याआधी 'बघू फरक पडतो का' म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू करू नयेत. लेव्होफ्लॉक्सासिनच्या कुळातली प्रतिजैविकंही शक्यतो टाळावीत. तीही टीबीच्या जंतूला अर्धवट दाबतात आणि मग तपासणीत काही सापडत नाही. पायातली ताकद जात असेल किंवा मूल अत्यवस्थ असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबायला वेळ नसतो.

---

वर्धा_रोड · १९ फेब्रुवारी, दुपारी १.०५

आमच्या भाच्याची टीबी गोल्ड ही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली आहे. पाठ दुखते. एवढ्यावर गोळ्या सुरू करायच्या का?

---

डॉ_अस्थी · १९ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

नाही. टीबी गोल्ड काय किंवा हातावर टोचून करायची मॅन्टू तपासणी काय, जंतूची शरीराशी कधीतरी भेट झाली आहे एवढंच सांगतात. आपल्याकडे अशी भेट असंख्य निरोगी लोकांची झालेली आहे. दुखतंय त्या मणक्यात काय चाललंय, ते यातून कळत नाही. आणि रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या तपासण्यांवर तर भारतात २०१२ सालीच बंदी आली. भाच्याच्या पाठीचा एमआरआय करून घ्या. साध्या एक्स-रेत मणका खराब दिसेपर्यंत त्यातला एक तृतीयांश तरी खनिजसाठा गेलेला असतो.

---

जुनी_पाठ · १९ फेब्रुवारी, रात्री ९.४०

बेसाच्या ताई, मी तुमच्या मुलासारखीच होते, फक्त वयाने मोठी. सतरा वर्षांची, भंडाऱ्याहून नागपुरात रूम करून राहिलेली, सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी क्लास. पाठ दुखायची. सगळे म्हणायचे, दिवसभर वाकून बसतेस म्हणून. मलाही पटायचं. केमिस्टकडून बेल्ट आणला.

एके दिवशी सीताबर्डीच्या गर्दीत मैत्रिणीने मागून हाक मारली. तिच्या हातात माझी चप्पल होती. पायातून निसटली आणि मी दहा पावलं तशीच पुढे गेले होते, मला कळलंच नव्हतं. तिने तो विषय सोडला नाही. दुसऱ्या दिवशी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. नववा आणि दहावा पाठीचा मणका खाल्लेला होता आणि पू मज्जारज्जूवर दाबत होता. सीटी स्कॅनमध्ये बघत सुई घालून नमुना घेतला.

मला वाटलं आता पाठ कापणार. डॉक्टरांनी आईला समजावलं की ताकद अजून बरीच शिल्लक आहे, आधी गोळ्या आणि पूर्ण झोपून राहणं. दर दोन दिवसांनी ते माझ्या पायाच्या अंगठ्याला दाबून म्हणायचे, वर ढकल. तीन-चार आठवड्यांत सुधारलं नाही किंवा उलट बिघडलं तर ऑपरेशन, असं आधीच ठरवून ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात अंगठा जोर करायला लागला. आई कॉरिडॉरमध्ये जाऊन रडली.

मग ब्रेस. मे महिना, पारा ४५ च्या वर, आणि छातीपासून कमरेपर्यंत तो साचा. आत सुती बनियन, दिवसातून तीनदा बदलायची, कूलरसमोर खाट. ज्यांना ब्रेस सांगितलाय त्यांनी बनियन शिवणीची बाजू बाहेर करून घाला, शिवण टोचून कातडी सोलते. सहाव्या महिन्यात एमआरआय केला तर जवळपास आधीसारखाच दिसला. मला वाटलं सगळं वाया गेलं. डॉक्टर म्हणाले, तुझं दुखणं गेलं, वजन सहा किलो वाढलं, ईएसआर उतरला. फोटो मागून येतो. एकूण १४ महिने गोळ्या घेतल्या.

आज २९ वर्षांची आहे. पाठीवर हात फिरवला तर लागेल एवढा उंचवटा आहे. लग्न ठरताना मी स्वतः मुलाकडच्यांना सांगितलं. दोन स्थळं त्यावर थांबली, तिसऱ्याने रिपोर्ट वाचायला मागितले आणि वाचून हो म्हणाला. तीन वर्षांची मुलगी आहे. ती पाठीवर बसते तेव्हा मला काहीही दुखत नाही.

---

गोंदियाकर · २० फेब्रुवारी, सकाळी १०.१५

डॉक्टरसाहेब, आमच्याकडे लोक पहिले हाड बसवणाऱ्याकडेच जातात बाप्पा. माझ्या चुलतभावाच्या पोराले जांघेत गाठ आली होती, दुखत नव्हती, गरमही नव्हती. मालिश करून करून वाढली. मंग गावातल्या एका दवाखान्यात तिले चीर देली. पू निघाला, पण जखम भरूनच नाही राहिली. पाच महिने वाहून राहिली होती. नंतर समजलं का मणक्यातला टीबी होता. पाठीतला पू जांघेत कसा येते?

---

डॉ_अस्थी · २० फेब्रुवारी, रात्री १०.००

मणक्याच्या दोन्ही अंगांना सोआस नावाचा लांब स्नायू आहे, कमरेपासून निघून मांडीच्या हाडाला जाऊन मिळतो. मणक्यातला पू त्याच्या आवरणातून वाट काढत खाली उतरतो आणि जांघेत दिसतो. साध्या गळवासारखा तो लाल, ठणकणारा, गरम नसतो, म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. त्याला वरवर चीर दिली की बाहेरचे जंतू आत जातात आणि छिद्र वाहत राहतं. काढायचाच असेल तर जाड सुईने, निरोगी कातडीतून तिरपं जाऊन काढतात. तो पू फेकायचा नाही, तपासायचा. मालिश तर नकोच. आतलं हाड ओल्या मातीसारखं झालेलं असतं.

जुनी पाठ, तुमच्या डॉक्टरांनी जे केलं त्याला आमच्या शाखेत मध्यम मार्ग म्हणतात. वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुलींनी तो रूढ केला : सगळ्यांना कापू नका, सगळ्यांना नुसतं झोपवूनही ठेवू नका. औषध द्या, दर काही दिवसांनी तपासा, आणि ताकद परतत नसेल, पू फार असेल, मणका डळमळीत असेल किंवा निदानच पक्कं नसेल तरच चाकू हातात घ्या.

तुम्ही सतरा वर्षांच्या होता, वाढ जवळजवळ संपलेली. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मणक्याची गोष्ट निराळी असते. टीबी पूर्ण बरा होतो, गोळ्या बंद होतात, आईवडील पेढे वाटतात, आणि त्यानंतर मूल उंच होत जाताना कुबड वाढत जातं. पुढून मणका खचलेला असतो आणि मागचा भाग वाढतच राहतो. सगळ्यांचं असं होत नाही, काहींचा बाक वयासोबत सुधारतोही. पण कोणाचं काय होणार ते ठरावीक काळाने एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. लहान वयात मणक्याचा टीबी झालेल्या मुलाला वाढ थांबेपर्यंत दाखवत राहा.

---

क्षयसेविका · २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

मी ११ वर्षं टीबी युनिटमध्ये काम करते. निदानाबद्दल डॉक्टरांनी लिहिलं, मी गोळ्यांबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे लोक तिथेच अडखळतात.

हाडाच्या टीबीला सहा महिने पुरत नाहीत. पहिले दोन महिने चार औषधं, मग पुढचे महिने कमी औषधं, मिळून साधारण वर्षभर, कधी डॉक्टर दीड वर्षापर्यंत नेतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत दुखणं पळून जातं आणि घरातले म्हणतात, आता कशाला पोराच्या पोटात विष घालता? मला सगळ्यात जास्त भीती याच महिन्याची वाटते.

मुलांच्या गोळ्या पाण्यात विरघळतात आणि वजनावर ठरतात. म्हणून दर महिन्याला वजन करा. मूल सुधारलं की वजन वाढतं आणि एके दिवशी ते पुढच्या गटात जातं, तेव्हा गोळ्याही बदलाव्या लागतात. सहा महिन्यांपूर्वीच्या वजनावर तोच डोस चालू ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत.

गोळी सकाळी उपाशीपोटी. लघवी केशरी होते, घाबरू नका, ते रिफाम्पिसिनचं आहे. शाळेतही सांगून ठेवा. पण सतत मळमळ, उलट्या, जेवण नको, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी या. यकृत तपासावं लागतं. इथॅम्ब्युटॉल (त्या चारांपैकी एक औषध) चालू असताना नजर किंवा लाल-हिरवा रंग ओळखणं बिघडतंय का ते बघा. लहान मूल सांगत नाही, म्हणून मी आईंना संत्रं आणि कच्चं लिंबू समोर ठेवून रंग विचारायला सांगते. ही डोळ्यांच्या तपासणीची जागा घेत नाही, पण आईचं लक्ष राहतं.

खासगीत दाखवत असलात तरी नोंद व्हायलाच हवी. निक्षय (टीबी रुग्णांची सरकारी नोंदणी) आयडी मिळाला की गोळ्या मोफत मिळतात आणि आहारासाठी महिन्याला पैसे येतात. पूर्वी ५०० यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० येतात. त्यात अंडी, तूरडाळ, शेंगदाणे आणा. टॉनिकच्या बाटल्यांत घालवू नका.

आणि बेसाच्या ताई, तुम्ही एक लिहिलं नाहीत. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाडात जंतू पोहोचला तो आधी श्वासातून आत गेला. कुणाच्या तरी खोकल्यातून. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली का?

---

बेसा_आई · २२ फेब्रुवारी, दुपारी २.५०

क्षयसेविका ताई, झाली. लिहायला जड जात होतं म्हणून लिहिलं नाही.

माझा धाकटा भाऊ कामासाठी वर्षभर आमच्याकडे राहत होता. बुटीबोरीला नोकरी, रात्रपाळी. त्याला सारखा खोकला असायचा, आम्ही म्हणायचो कंपनीतल्या धुळीचा आहे. मुलगा मामाच्याच अंथरुणात झोपायचा. भावाची थुंकी तपासली, पॉझिटिव्ह निघाली. तो त्या दिवशी रिपोर्ट हातात घेऊन बाहेरच्या पायरीवर बसून राहिला, घरात येईना. मी त्याला म्हटलं, तुला माहीत होतं का? नाही ना? मग आत ये, जेव. त्याचे उपचार चालू आहेत. माझ्या मुलीला, सासूबाईंना आणि आम्हा दोघांना आजार नाही. आम्हाला टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्यात, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे.

बीसीजी घेतली असताना कसा झाला, हे मी फार जणांना विचारलं. शेवटी एका डॉक्टरांनी नीट सांगितलं. ती लस लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या टीबीपासून बऱ्यापैकी वाचवते, पण टीबी होणारच नाही याची हमी देत नाही.

मुलगा सध्या घरी आहे. पायाला चिकटपट्टी, दोरी, दोरीच्या टोकाला वजन, पलंगाच्या पायथ्याशी विटा. सांधा ओढून ठेवलाय म्हणजे स्नायू आवळत नाहीत. ते वजन लावलं त्या रात्रीपासून किंकाळ्या बंद झाल्या, म्हणून डॉ. अस्थींनी लिहिलेलं वाचून मला सगळं एकदम कळलं. वजन १९ किलो, त्यावर रोज विरघळणाऱ्या चार गोळ्या आणि इथॅम्ब्युटॉल वेगळं.

---

नरखेडचा_काका · २६ फेब्रुवारी, रात्री ८.१०

माझी पुतणी तीन वर्षांची. डाव्या हाताचं मधलं बोट मुळाशी फुगून राहिलं आहे, दोन महिने झाले. दुखत फारसं नाही, खेळते. तिचा सिकलचा रिपोर्ट एसएस आहे. लहान पोरांचे हातपाय सिकलमध्ये सुजतातच, असं सगळे म्हणून राहिले. हा धागा वाचला आणि आता झोप लागून नाही राहिली.

---

डॉ_अस्थी · २६ फेब्रुवारी, रात्री ९.२५

काका, ज्या वयात तुमची पुतणी आहे त्या वयात सिकलमध्ये हातपाय सुजतात हे खरं. पण ती सूज बहुतेक वेळा अचानक येते, बरीच बोटं किंवा दोन्ही हातपाय धरते, मूल दुखण्याने रडतं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. एकच बोट, दोन महिने, फारसं न दुखता. हे त्या वर्णनात बसत नाही. लहान मुलांत टीबी बोटाच्या हाडात असाच येतो. आतून हाड पोखरतं आणि बाहेरून फुग्यासारखं फुगतं. टीबीच आहे असं मी म्हणत नाही. एक्स-रे काढा, छातीचाही काढा. नागपूरची सरकारी रुग्णालयं, म्हणजे मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, जे सोयीचं पडेल तिथे हाडांच्या आणि बालरोगाच्या डॉक्टरांना दाखवा. सिकलचे सगळे कागद सोबत न्या, भूल देणाऱ्यांना ते आधी कळायला हवं. या मुलांना भुलीआधी पाणी, ऑक्सिजन आणि ऊब यांची जास्त काळजी घ्यावी लागते.

---

बेसा_आई · २६ फेब्रुवारी, रात्री ९.४०

काका, तुकडा काढायचं ठरलं तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा : "नमुना सलाईनमध्येही पाठवणार ना, सीबीनॅट आणि कल्चरला?" दारात उभं राहून पुन्हा विचारा. आणि सलाईनची बाटली त्याच दिवशी लॅबमध्ये पोहोचली पाहिजे. घरी नेऊन उद्या देऊ, असं नको.

---

जुनी_पाठ · ४ मार्च, सकाळी ११.००

काका, काय झालं ते कळवा. रोज धागा उघडून बघते.

---

नरखेडचा_काका · ११ मार्च, रात्री ७.५५

एक्स-रेत हाड आतून पोकळ दिसलं. छाती साफ आहे. परवा तुकडा काढला. मी आदल्या दिवशी विचारलं, डॉक्टर म्हणाले दोन्हीकडे पाठवणार. तरी दारात पुन्हा विचारलं. सिस्टरबाईंनी दोन्ही बाटल्या वर धरून दाखवल्या, दोन्हींवर पोरीचं नाव. सलाईनवाली मी स्वतः चालत लॅबमध्ये नेऊन दिली, वेळ लिहून घेतली.

आज सीबीनॅट आलं, निगेटिव्ह. घरच्यांना आनंद झाला, मी मात्र डॉक्टरसाहेबांचं वाक्य वाचलेलं होतं, म्हणून गप्प राहिलो. संध्याकाळी दुसऱ्या बाटलीचा रिपोर्ट आला, त्यात टीबीच्या गाठी आहेत. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून समजावलं आणि उद्यापासून गोळ्या सुरू करायचं ठरवलं. कल्चर लावलेलं आहे.

---

क्षयसेविका · ११ मार्च, रात्री ९.३०

वजन करून घ्या उद्या, गोळ्या सुरू करायच्या आधी. आणि घरातल्या मोठ्यांपैकी कोण खोकतंय ते बघा.

---

बेसा_आई · २९ जून, रात्री १०.२०

आज शाळा सुरू झाली. मुख्याध्यापिकांना डॉक्टरांचं पत्र दिलं की याच्यापासून कुणाला धोका नाही. त्यांनी वर्ग तळमजल्यावर घेतला, मी मागितलाही नव्हता. कुबड्या दीड महिन्यापूर्वी सुटल्या. मांडी पोटाशी पूर्ण येत नाही अजून, मांडी घालून बसता येत नाही. डॉक्टर म्हणाले सांध्यातली कूर्चा थोडी गेली आहे, ती परत येत नाही, पण व्यायामाने जेवढी हालचाल मिळवता येईल तेवढी मिळवू. ते सात आठवडे वाया गेले नसते तर कदाचित तीही वाचली असती. रोज सकाळी गोळ्यांनंतर अर्ध्या तासाने तो पलंगावर झोपून पाय दुमडतो आणि मी मोजते. वजन २४ किलो झालं. २५ वर गेलं की गोळ्या बदलणार आहेत. भावाची थुंकी निगेटिव्ह आली, तो पुन्हा कामावर जातो.

नरखेडचे काका, कल्चरचं काय झालं?

---

नरखेडचा_काका · ३० जून, सकाळी ६.४५

पाचव्या आठवड्यात जंतू उगवला ताई. चालू आहेत त्या सगळ्या गोळ्या त्याच्यावर चालतात, असा रिपोर्ट आहे. बोट बरंच उतरलं. घरात कोण, ते पण सापडलं. पोरीची आजी, म्हणजे माझीच आई. दोघींच्या गोळ्या सोबतच चालू आहेत, सकाळी पोरगी आजीला उठवते.